पंख्याला तेल घालू नका

“अगं ऐकलंस का, बी विंगमागची ती घूस आहे ना, तिला म्हणे येत्या रविवारी…”

आणि नेमका तेव्हाच पाण्याचा टँकर आत शिरला. बाकावर मेथी निवडत बसलेल्या दोघी बोलत राहिल्या, टँकर गुरगुरत राहिला आणि मी बिळाच्या तोंडाशी नुसती तडफडले. कारण ती घूस म्हणजे मीच!

नाक मुरडू नका. देखणेपणाचा दावा मी कधी केलेला नाही. पण पिंपळे सौदागरच्या या सोसायटीत कोणाकडे काय शिजतं, कोणाची सून रुसलीय, कोण ओल्या कचऱ्यात सुका टाकतं, हे माझ्याइतकं कोणाला ठाऊक नसेल. जमिनीखाली राहिलं की सगळ्यांची घरं आपल्या डोक्यावरच असतात हो.

माझा जन्म चाकणचा, एका कारखान्याच्या प्रेसशॉपखाली. वर पत्रा कापणारी मोठाली मशिनं, अष्टौप्रहर धम् धम्. तुमच्या बाळांना पाळणा, तसा आम्हाला प्रेस. मशीन दुरुस्तीला बंद झालं की आम्ही पिल्लं रडायला लागायचो.

रंगराव तिथलेच ऑपरेटर, कायम रात्रपाळीचे; डुलकी काढायचे तीही त्या धडधडीतच. रिटायर होताना त्यांनी बायकोच्या बागेसाठी पॅकिंगची जुनी खोकी मागून घेतली. एका खोक्यातल्या भुशात मी झोपले होते. टेम्पो निघाला तरी जाग आली नाही. धडधड चालूच होती ना!

इथे उतरले आणि झोपच उडाली. शांतता ही काय भयंकर गोष्ट असते! कुठेतरी मशीन असेलच, या आशेनं मी इकडे उकर, तिकडे उकर. मेथीच्या वाफ्यात ढिगारा, वांग्याखाली बोगदा. एखादा मुळा चाखला, नाही म्हणत नाही. पण मुळ्यासाठी कोणी एवढं राबतं का?

टँकरनं गिळलेलं वाक्य दुसऱ्या दिवशी आपल्या पायांनी चालत आलं. सेक्रेटरी निरंजन वाफ्यापाशी उभा राहून म्हणाला, “काकू, एक तर विषाच्या गोळ्या टाकू, नाहीतर इथं सरळ पेव्हर ब्लॉक बसवतो. गाड्या तरी लागतील.”

रंगरावांची बायको कौशल्याबाई, लातूरकडच्या. गावची शेती दिरांकडे राहिली, यांच्या वाट्याला आली ती बी विंगमागची एवढीशी माती. त्या खुरपं हातात घेऊनच उठल्या. “विष नको म्हंजे नको! ती मरंल, तिला खाऊन मांजर मरंल. अन् ह्याच मातीतली मेथी तुझ्या घरी जाती, ध्यानात ठेव.”

“बरं, रविवारी बघायला येतो. उकरलेली माती दिसली, तर सोमवारी ब्लॉकवाला.”

मग सुरू झाले माझ्यावर प्रेमळ उपचार. बिळात लसूण-मिरचीचं पाणी आलं. मी शिंकून शिंकून बेजार झाले, पण तोंडाला चव आली. मग एरंडेल आलं. लहानपणी पाजलेलं आठवून सोसायटीतली माणसंच त्या बाजूला फिरकेनाशी झाली. मी मात्र बिळाला दुसरं दार काढलं.

शेवटी रंगराव उठले. “थांब, हिला मशीनच लावतो. जमिनीत धडधड गेली की बिळातला जीव टिकत नाही. मोबाईलवर दाखवतात.”

“तुम्ही जन्मभर टिकलात की त्या धडधडीत!” कौशल्याबाई म्हणाल्या.

पण ऐकतील ते रंगराव कसले! कुंपणाच्या कोपऱ्यात त्यांनी लोखंडी पाइप ठोकला, वर जुन्या टेबलफॅनची पाती बसवली आणि नट मुद्दाम ढिला ठेवला. दोन विंगांमधून वारा घुसला आणि पाती फिरली. खट् धम्, खट् धम्!

मी वांग्याखाली होते. मातीतून तो आवाज आला आणि काय सांगू, डोळेच भरून आले. माहेर! धावत जाऊन त्या पाइपाखाली मुटकुळं केलं आणि गाढ झोपले. आता उकरायचं कशाला? शोधत होते ते सापडलं होतं. पोटाला म्हणाल, तर ओल्या कचऱ्याचा ड्रम आहेच.

रविवारी दुपारी निरंजन आला. वाफे सपाट, कुठे मातीचा कण हललेला नाही. “काका, गेली की खरंच!”

काका प्लास्टिकच्या खुर्चीत, पंख्याला खेटून, तोंड उघडं टाकून घोरत होते.

“हळू बोल,” कौशल्याबाई दटावून म्हणाल्या. “रिटायर झाल्यापास्नं आज कुठं डोळा लागलाय.”

“एवढा खडखडाट चाललाय आणि मी हळू बोलू?” निरंजन हसला. “बाग राहू द्या, काकू. फक्त त्या पंख्याला जरा तेल घाला. लोक तक्रार करतील.”

मी पाइपाला आणखी घट्ट बिलगले. कौशल्याबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. मग सपाट वाफ्याकडे. मग पाइपाच्या बुडाशी, जिथं माझी शेपटी चुकून बाहेर राहिली होती.

“बघू,” त्या म्हणाल्या आणि पायानं थोडा पालापाचोळा शेपटीवर लोटला.

संध्याकाळी बाकावर पुन्हा बैठक बसली. “मी म्हटलं नव्हतं का, रविवारी तिला घालवणार म्हणून? रंगरावांच्या खोक्यांतून आली होती, पंख्याला घाबरून परत चाकणला पळाली म्हणे!”

चाकणचं खरं आहे बाई, पण मी तिथली, तिथं गेलेली नाही. गेलं ते उकरणं. मी इथंच आहे, तुमच्या बाकापासून हाकेच्या अंतरावर.

मुळ्याला तोंड लावणार नाही, शब्द देते. तेवढं त्या पंख्याला तेल घालू नका. आम्हा दोघांची झोप आहे ती.