धुतलेली माळ

शनिवार, पाच डिसेंबर. दुपारचे चार वाजून दहा मिनिटे. बाहेर अंधार पडला होता. रागनहिलने लाकडी वाडगा ओठांना लावला, एक घोट घेतला, वाडगा टेबलावर ठेवला आणि म्हणाली, "ओद्दवार, हे तुझं नाही."

मित्रांनो, मी त्या वेळी वाडग्यापासून वीतभर अंतरावर होते. ती काय बोलणार हे मला पंधरा दिवसांपासून माहीत होते. तरीही ते ऐकले आणि माझा सांधा न् सांधा हादरला.

मी एक जुनी लाकडी माळ आहे. भूर्जाच्या बत्तीस तुकड्यांची. ओद्दवारचे खापरपणजोबा लार्स यांनी १८७१ च्या हिवाळ्यात, बर्फामुळे खोऱ्यातली वाट बंद असताना, चुलीपाशी बसून मला घडवले. माझ्यात खिळा नाही, सरस नाही. एका तुकड्याच्या खाचेत दुसरा अडकवलेला, दुसऱ्यात तिसरा, आणि शेवटचा फिरून पहिल्यात. पाहणाऱ्याला ही कलाकुसर वाटते. लार्सना मात्र नक्षी नको होती, फटी हव्या होत्या.

त्या फटींत बियरचे विरजण राहते. तुमच्या घरी कालच्या दह्याचा चमचा आजच्या दुधात जातो ना, तसेच हे आहे. मोड आणून वाळवलेल्या सातूचा गोड काढा तासन् तास उकळायचा, अंगाला सोसेल इतका निववायचा आणि त्यात मला सोडायचे. फटींत झोपलेले यीस्ट जागे होते, पिंपावर फेस चढतो. मग मला त्या फेसात घोळवून बाहेर काढतात, वाळवतात आणि तागाच्या पिशवीत घालून खुंटीला टांगतात. पुढच्या नाताळापर्यंत.

मला सोडताना घरच्या माणसाने जिवाच्या आकांताने ओरडायचे असते. जितका मोठा आवाज, तितकी कडक बियर. लार्स ओरडत, त्यांचा मुलगा ओरडे. ओद्दवार तर डोळे घट्ट मिटून ओरडतो, तेव्हा गोठ्यातल्या मेंढ्या उठून उभ्या राहतात.

माझ्या वाट्याला वाईट दिवसही आले. १९७४ साली ओद्दवारच्या वडिलांनी दुकानातले यीस्ट आणायला सुरुवात केली आणि मी माळ्यावर, तुटक्या लगामाशेजारी, अकरा वर्षे पडून राहिले. वडील गेल्यानंतरच्या पहिल्या डिसेंबरात ओद्दवारने मला शोधून काढले. सगळे त्याला हसले. मी पाच तासांत फेस आणला. रागनहिलने तेव्हा वाडग्यातून घोट घेतला होता आणि म्हटले होते, "संत्र्याच्या सालीचा वास. हे तुझ्या आजोबांचं." ती बाई चाळीस वर्षे खोऱ्यात टपाल वाटत फिरली. कोणत्या घरच्या बियरला कसला वास, हे तिला डोळे बांधूनही सांगता येते.

तेव्हापासून दर डिसेंबरच्या पहिल्या शनिवारी तीन मित्र ओद्दवारच्या स्वयंपाकघरात जमतात. ओद्दवार, रागनहिल आणि पलीकडच्या उतारावरचा मेंढपाळ गुत्तोर्म. तिघांची आपापल्या घरची नाताळची बियर, तीन सुरया, वाडगा एकच. सोबत वाळवलेले मटण आणि बटाट्याच्या पातळ पोळ्या. त्या दिवशी मला पिशवीतून काढून टेबलाच्या मधोमध ठेवतात. मी त्यांची मानाची पाहुणी.

यंदा चौथे माणूस होते. ओद्दवारची मुलगी सिन्नोवे.

मी माळ्यावर पडून होते त्या काळात, सहा वर्षांची असताना, ती आईबरोबर बर्गन शहरात राहायला गेली. उन्हाळ्याच्या सुट्टीत यायची, पण उन्हाळ्यात इथे कोणी बियर करत नाही, त्यामुळे तिने मला कधी पाहिले नव्हते. मोठी होऊन ती नर्स झाली. शस्त्रक्रियेची अवजारे जंतुमुक्त करणे हे तिचे काम. ऑक्टोबरात ओद्दवारच्या खुब्याचा सांधा बदलला तेव्हा ती नोकरी सोडून कायमची घरी आली. ओद्दवारने कोणाला बोलून दाखवले नाही, पण त्या आठवड्यापासून तो काठी टेकत टेकत शीळ घालू लागला.

दोन नोव्हेंबरला तिने बियरची खोली साफ करायला घेतली. पिंपे घासली, तोट्या उकळल्या. मग खुंटीवरची पिशवी उघडली. आत मी होते, काळपट तपकिरी, फटीफटींत खरपुड्या धरलेली.

"ईऽ," ती म्हणाली.

तिने मला उकळत्या पाण्यात टाकले. वर सोड्याचे दोन चमचे. समोर भिंतीवर घड्याळ होते, म्हणून सांगते, आठ मिनिटे. नंतर तिने ब्रशने माझी एकेक फट घासली. घासताना ती गुणगुणत होती. मला उजेडात धरून म्हणाली, "बघ, कशी नव्यासारखी दिसतेस!"

मित्रांनो, मला तेव्हा दुखले नाही. त्याचाच मला धक्का बसला. लार्सपासून माझ्यात कोणीतरी राहत होते आणि आता कोणीच नव्हते. मी बत्तीस लाकडी तुकडे होते, बस्स.

वीस नोव्हेंबरला ओद्दवारने काढा उकळला. खोलीभर वाफ होती. त्याने पिशवीत हात घातला, डोळे मिटले, ओरडला आणि मला सोडले. मेंढ्या उठल्या. पिंपात काहीच झाले नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी खुबा ठणकत होता म्हणून तो अंथरुणातच होता. तिथून त्याने विचारले, "फेस आला का गं?"

सिन्नोवे पिंपावर वाकली होती. काढा आरशासारखा स्वच्छ होता. तिने रिकामी पिशवी उलटी केली. तळाशी थोडी तपकिरी भुकटी राहिली होती, ती तिने बोटावर घेऊन हुंगली. मग माझ्याकडे पाहिले. कामाने आयुष्यभर तिला एकच गोष्ट शिकवली होती, उकळत्या पाण्यात काय मरते ती. तिला सगळे समजले. ती पालथ्या बादलीवर मटकन बसली.

"येतोय, बाबा," ती म्हणाली.

मग ती गाडी काढून दुकानात गेली आणि पाव फुगवायच्या यीस्टच्या तीन पुड्या घेऊन आली. संध्याकाळी पिंपावर फेस होता. ओद्दवारने काठी टेकत येऊन तो पाहिला आणि तिच्या पाठीवर थाप मारली. मला त्याच फेसात घोळवून वाळवले. मी पुन्हा तपकिरी झाले, दुसऱ्याच्या रंगाने.

आता पुन्हा पाच डिसेंबरच्या टेबलावर या.

पहिली गुत्तोर्मची बियर झाली. तिला धुराचा वास असतो. दुसरी रागनहिलची, जुनिपर झुडपाच्या डहाळ्यांनी कडू केलेली. तिसरी सुरई उचलताना ओद्दवार म्हणाला, "ही संपली की तुम्हाला एक गोष्ट सांगायचीय." आणि त्याने सिन्नोवेकडे पाहिले. गोष्ट काय ती मला ठाऊक होती, आदल्या दिवशी दाढी करताना तो आरशासमोर ती घोकत होता. पुढच्या वर्षीपासून या घरची बियर सिन्नोवे करणार.

आणि मग रागनहिल ते बोलली.

"काय झालं, जीभ भाजली का माझ्या बियरने?" गुत्तोर्म म्हणाला.

"तुझ्या बियरने जीभ भाजत नाही रे, पेंगते. तू गप बस. ओद्दवार, घे बघू तू."

ओद्दवारने घोट घेतला. तोंडात घोळवला. पुन्हा घेतला.

"पावाचा वास येतोय," तो म्हणाला.

त्याने कपाळावरून हात फिरवला. "माझंच काहीतरी चुकलं. काढा जास्त गरम असताना माळ सोडली असेल. नाहीतर... म्हातारा झालो मी. हल्ली विसरायला होतं. हॉस्पिटलातून आल्यापासून डोकंच—"

"बाबा, मी ती धुतली."

"काय धुतलंस?"

सिन्नोवेने माझ्याकडे बोट दाखवले.

गुत्तोर्म हसला. मग आपण एकटेच हसतोय हे त्याच्या लक्षात आले.

"कशाने?" रागनहिलने विचारले.

"उकळत्या पाण्याने. सोडा घालून."

"किती वेळ?"

"आठ मिनिटं, मावशी. मग ब्रशने. आणि फेस आला नाही, म्हणून दुकानातलं यीस्ट टाकलं."

ओद्दवारने मला उचलून नाकाशी धरले. त्याने मला फिरवून एकेक फट हुंगली, तेव्हा माझे सांधे वाजले. तो आवाज सगळ्यांना ऐकू गेला.

"विचारलं का नाहीस?"

"धुण्याबद्दल कोण विचारतं, बाबा?"

"मग नंतर तरी सांगायचंस. पंधरा दिवस मी रोज पिंपापाशी येऊन बसत होतो. तू चहा आणून देत होतीस."

तिने एप्रन काढून खुर्चीच्या पाठीवर ठेवला. आता ही बर्गनला जाणार असे मला वाटले. ओद्दवारलाही वाटले असावे.

रागनहिल म्हणाली, "माझ्याकडचं विरजण ने. बरणीभर आहे."

"तुझं ते तुझं."

"मग गेल्या वर्षीची एखादी बाटली शोध. तळाच्या गाळात जिवंत असतं कधी कधी."

"एकही नाही. शेवटची नाताळात याला दिली." ओद्दवारने हनुवटीने गुत्तोर्मकडे दाखवले. "ती तर त्याच रात्री संपली."

गुत्तोर्म पोळीला लोणी लावत होता. ते लावतच राहिला.

"गुत्तोर्म?" रागनहिल म्हणाली.

"आहे."

"काय आहे?"

"बाटली. आमच्या तळघरात, बटाट्यांच्या मागे."

"अरे, तू तर चर्चच्या पायरीवर चार माणसांत सांगितलंस, की असली बियर जन्मात प्यायली नाही!"

"मग खरंच सांगत होतो. प्यायलोच नव्हतो." त्याचे कान लाल झाले. "ओद्दवार, तुझ्या बियरने मला छातीत जळजळतं रे. वीस वर्षं झाली. सांगू कसं तुला?"

"वीस वर्षं? दरवर्षी याच वाडग्यातून पितोस की!"

"ओठ भिजवतो फक्त."

हे खरे आहे. मी वीस वर्षे पाहत होते. पण मला कोण विचारते?

ओद्दवारने त्याच्यापुढची पोळी बाजूला सारली. मग म्हणाला, "बसलायस काय, पळ. आण ती."

गुत्तोर्म टोपी विसरून बर्फात धावला. त्याच्या वयाचा माणूस इतक्या जोरात धावलेला मी पाहिला नव्हता. बावीस मिनिटांत तो परतला. बाटली त्याने बाळासारखी उभी, छातीशी धरली होती, गाळ हलू नये म्हणून. एका हातात विजेरी होती आणि केसांत बर्फ.

तोवर सिन्नोवेने न सांगता एप्रन पुन्हा बांधला होता आणि छोट्या भांड्यात मूठभर सातूचा काढा चढवला होता. ओद्दवारने तिला सांगितले नाही आणि अडवलेही नाही.

बाटली उघडली तेव्हा सुस्कारा आला. त्यांनी वरची बियर अगदी हळू वाडग्यात ओतली. रागनहिलने घोट घेतला, डोळे मिटले.

"संत्र्याची साल," ती म्हणाली. "हे तुझं."

ओद्दवार प्यायला. मग त्याने वाडगा सिन्नोवेपुढे धरला. या घरची खरी बियर तिने त्या दिवशी पहिल्यांदा चाखली. तिचे डोळे भरून आले. वाडगा गुत्तोर्मकडे गेला. सगळ्यांच्या नजरा त्याच्यावर होत्या. त्याने एक खराखुरा घोट घेतला आणि छातीवर मूठ दाबली.

"अजून जळजळतं," तो म्हणाला.

तळाशी बोटभर गाळ उरला होता. सिन्नोवेने काढ्यात तापमापक धरला. "सदतीस अंश," ती म्हणाली. त्यात गाळ गेला. मग ओद्दवारने मला उचलले, थोडा वेळ हातात ठेवले आणि तिच्या हातात दिले.

"ओरड."

"मी?"

"जिने धुतली तिनेच ओरडायचं."

सिन्नोवे ओरडली. मित्रांनो, लार्सपासून सगळ्यांचे ओरडणे मी ऐकले आहे. त्यात ताकद होती. हिच्यात पंधरा दिवस गिळलेले सगळे होते. गुत्तोर्मच्या हातून सुरी पडली. गोठ्यात मेंढ्या उठून उभ्या राहिल्या. मला काढ्यात सोडले तेव्हा सात वाजून पस्तीस मिनिटे झाली होती.

मी जुनी वस्तू आहे, आणि जुन्या वस्तूंना तुमच्याकडे एकच मागता येते. आमच्यावरचा थर पुसण्याआधी घरातल्या कोणाला तरी विचारा. तो थर मळ असेल, किंवा दीडशे वर्षांचे बिऱ्हाड असेल. आणि पुसून झालेच असेल, तर निदान त्याच दिवशी सांगा. गाळ शोधायला तेवढेच दिवस जास्त मिळतात.

आज रविवार, सहा डिसेंबर. सकाळचे दहा वाजून चाळीस मिनिटे झाली आहेत. पंधरा तास उलटून गेले. फेस नाही. भांडे चुलीपाशी लोकरी शालीत गुंडाळलेले आहे आणि दोन्ही बाजूंना दोघे बसले आहेत. ओद्दवारने जी गोष्ट सांगायची म्हटली होती, ती अजून सांगितलेली नाही. सिन्नोवेची बॅग जिन्याखाली आहे. ती भरलेली आहे की रिकामी, हे मला इथून दिसत नाही.

पाच मिनिटांपूर्वी माझ्या नवव्या तुकड्याच्या फटीतून एक बुडबुडा सुटला आणि वर जाऊन फुटला. फटीत अडकलेली हवा असेल. दोघांनीही तो पाहिला.

दुसरा अजून आलेला नाही.