बसलेले देव

कोपऱ्यातल्या गाळाचं घमेलं दमयंतीने दारापुढच्या उकिरड्यावर पालथं केलं, तेव्हा तिला चिखलात पिवळी कोवळी रोपं दिसली. एखादं धान्याचं पोतं भिजून मोड आले असतील, असं तिला वाटलं. पूर ओसरल्यापासून घराघरांत हेच चाललं होतं. ज्वारी, गहू, सगळं कुजून आंबलं होतं. तिने फावड्याने रोपं बाजूला सारली. खाली काहीतरी चमकलं.

चांदीचा लहानसा पत्रा होता. त्यावर घोड्यावर बसलेला देव उठवलेला होता. शेजारी दुसरा, देवीचा. आणि त्यांच्यालगत फुटक्या मातीच्या घटाचा गळा. त्याला गुंडाळलेला दोरा अजून तसाच होता.

दमयंतीने फावडं खाली ठेवलं. ती रोपं पोत्यातली नव्हती. नवरात्रात देवापुढे माती पसरून तिच्यात धान्य पेरतात, मधोमध घट ठेवतात आणि घरच्या देवांचे हे टाक विड्याच्या पानांवर बसवतात. एकदा देव बसले की दसऱ्यापर्यंत त्यांना कुणी जागेवरून हलवत नाही. हे सगळं तिला ऐकून ठाऊक होतं, पाहून नव्हे. गारखेड्यातल्या तिच्या घरी भिंतीवर क्रूस होता आणि तीन पिढ्यांत कधी घट बसला नव्हता. शेजारपाजारची कुठलीही बाई त्या कोपऱ्याला फावडं लावताना दहा वेळा थबकली असती. दमयंतीने तो कोपरा सगळ्यांत आधी उपसला होता, कारण तिथे गाळ जास्त होता. वर फिनाईल टाकून फरशीही पुसून घेतली होती.

तिने मान वर न करता गल्लीच्या टोकाकडे पाहिलं. मोरीच्या कठड्यावर तीन पोरं सकाळपासून बसून होती. एकाच्या हातात मोबाइल होता. तो मधूनच उचलायचा आणि हे गाळ काढायला आलेले लोक काय करतात ते टिपून घ्यायचा.

चर्चची ही मंडळी गोदाकाठच्या या गावात रोज शहरातून टेम्पोने येत होती. पास्टर सुयश तिच्याहून वीसेक वर्षांनी लहान, पण नियमांचा मोठा कडक. गाणं म्हणायचं नाही, प्रार्थना करायची नाही, पुस्तक वाटायचं नाही. गाळ काढायचा, जखमा बांधायच्या, निघायचं. देवाधर्माची वस्तू दिसली तर हात लावायचा नाही, घरच्या माणसाला हाक मारायची. हे तो इतक्यांदा सांगायचा की टेम्पोतल्या बायका त्याच्या आधीच म्हणून मोकळ्या व्हायच्या. पण त्याच्या भुवईवरची टाक्यांची खूण पाहिली की हसू विरायचं. मागच्या उन्हाळ्यात दुसऱ्या एका गावात, नुसत्या तापाच्या गोळ्या वाटताना, कुणीतरी 'बाटवायला आले' म्हणून ओरडलं होतं आणि पुढचं बोलायला कुणाला सवडच मिळाली नव्हती.

आणि इथे तर तिने एका घरचे देव उकिरड्यावर टाकले होते. नवरात्रात.

तिने टाक चटकन मुठीत घेतले. घेतल्यावर कळलं की हे आणखी वाईट झालं. आता परत ठेवावेत तर ती पोरं पाहणार. कनवटीला लावावेत तर चोरी ठरणार. तिची मूठ इतकी आवळली गेली की टाकांच्या कडा तळव्यात रुतल्या. तीस वर्षं नर्स म्हणून काम केलेली बाई, रक्ताला कधी भ्यायली नाही. या दोन पत्र्यांना मात्र ती भ्यायली. सुयशला हाक मारावी असं तिला वाटलं, पण हाक ऐकून पोरंही वळली असती.

तेवढ्यात घरमालकीण आलीच. मनकर्णाबाई गेले काही दिवस शाळेतल्या छावणीत होती. "सगळं गेलं बाई, काढा गाळ," असं म्हणून तिनेच सकाळी किल्ली दिली होती. मागे तिचा मुलगा सोमनाथ होता, आणि त्याच्यामागे शेजारची आशाबाई, कुणाच्या घरातलं काय उरलं ते बघायला.

म्हातारी उंबऱ्यात थांबली. तिने तो लख्ख कोपरा पाहिला. मग दमयंतीकडे पाहिलं. तिच्या कोपराला चिकटलेल्या पिवळ्या रोपाकडे, आणि मग मुठीकडे.

सोमनाथचं लक्ष मात्र उकिरड्यावर गेलं होतं. त्याने घटाचा तो दोरा गुंडाळलेला तुकडा उचलला.

"आये, ह्यो आपला घट. उकिरड्यावं कोणी टाकला?"

त्याने बाकीचा चिखल पायाने उकरला.

"अन देव? देव कुठं हायेत?" तो दमयंतीकडे वळला. त्याचा आवाज चढला तशी कठड्यावरची पोरं उठून उभी राहिली. "ओ बाई, तुमाला इचारतोय. ह्या कोपऱ्यात देव हुते."

दमयंतीने तोंड उघडलं. सांगायचं तिने ठरवलं होतं, देवाशपथ ठरवलं होतं, पण तिची नजर त्या पोरांकडे गेली.

"देव माझ्यापाशी हायेत," मनकर्णाबाई म्हणाली.

"तुझ्यापाशी?"

"नदी फुगली तवाच, पाणी शिरायच्या आदी, वटीत घेतले. घट फुटला हुता, तवा ती माती टाका म्हनून म्याच सांगितलं सिस्टरबाईला. तिच्यावं कशाला वरडतो?"

सोमनाथच्या चेहऱ्यावरचा राग उतरला आणि त्या जागी भीती आली.

"बसलेले देव हलवले तू?"

"मंग काय, वाहू देऊ?"

"दाखव."

म्हातारीने कमरेशी खोचलेल्या पदराच्या गाठीवर हात ठेवला. "आंगोळ केल्याबिगर दाखवीत नसतात. उद्या दसरा हाय, उद्या बघ."

आशाबाईने तोंडाला पदर लावला. "म्हंजी आपल्याच गल्लीतून झालं व्हय," ती हळूच म्हणाली आणि लगबगीने निघून गेली. सोमनाथने घटाचा तुकडा खाली ठेवला आणि आईकडे न बघता तोही चालता झाला.

आशाबाईचं बोलणं दमयंतीला कळलं. छावणीत मलमपट्टी करताना तिने ऐकलं होतं: कुणाच्या तरी घरी घट हलला, म्हणून गोदामाई कोपली. आधी गावच्या कारभाऱ्याच्या सुनेवर बोट गेलं होतं. पोरीने लेकराच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतली, तेव्हा कुठे बायकांनी तिला पंगतीत बसू दिलं. तेव्हापासून गाव दुसरं कुणीतरी शोधत होतं.

"आजी, तुम्ही हे काय केलं?"

मनकर्णाबाईने पदर पसरला. "द्या."

दमयंतीची बोटं उघडेनात. शेवटी म्हातारीने एकेक बोट सोडवलं. टाक पदरात पडले. तिने ते पुसले, कपाळाला लावले आणि मग ती रडली, आवाज न करता, गालावरचं पाणी न पुसता.

"म्या तर सोडून पळाले हुते त्यांला," ती म्हणाली. "वाटलं, गेले वाहून."

"मी सांगते खरं काय ते. लोक तुम्हाला जगू देणार नाहीत."

"तुमी गप ऱ्हावा. तुमाला मारलं असतं त्यांनी. मला कोन मारतंय? बोलतील. बोलू द्या."

"आणि देव?"

"देवाला ठावं हाय कोणी काय केलं ते."

दुपारी सामान टेम्पोत चढलं. दमयंतीने सुयशला सगळं सांगितलं, तेव्हा तो पांढरा पडला. "ताई, कुणाला बोलू नका," एवढंच म्हणाला आणि ड्रायव्हरला निघायची खूण केली. त्याचाही दोष नव्हता. टेम्पोतल्या पाच बायकांना सुखरूप घरी न्यायची जबाबदारी त्याच्यावर होती.

टेम्पो वेशीपाशी आला. तिथे पाण्याचा टँकर उभा होता आणि बायकांनी हंड्यांची रांग लावली होती. मनकर्णाबाई आली, तिने आपला हंडा रांगेत ठेवला. पुढच्या बाईने आपला हंडा उचलून लांब नेला. मागच्या बाईनेही नेला. म्हातारीच्या हंड्याभोवती ओली जमीन तेवढी मोकळी राहिली. सोमनाथ टँकरला टेकून उभा होता आणि पायांकडे बघत होता. कठड्यावरची पोरंही आता तिथेच होती.

दमयंतीने ड्रायव्हरच्या केबिनवर थाप मारली.

"ताई, नको," सुयश म्हणाला. "हात जोडतो. निघालोय ते निघू या."

"तुम्ही पुढे जा. मी येते."

"एकट्या कशा येणार?"

टेम्पो थांबला. ती फाळका धरून उतरली, तेव्हा चिखलात पाय घोट्यापर्यंत रुतला आणि क्षणभर तिला वाटलं, आपण इथेच पडणार. पोराने मोबाइल वर केला. पलीकडून मनकर्णाबाई मान हलवत होती, नको, नको.

दमयंती चालत टँकरपर्यंत गेली.

"सोमनाथ," ती म्हणाली, आणि तिचा आवाज तिला वाटला होता त्याहून मोठा निघाला. "तुमच्या आईनं देव हलवले नाहीत. ते मी उकिरड्यावर टाकले."