भिंतीवरचा लापो

"झोपलाय ना? मग टोपडं काढ आणि त्याचा हात असा खाली सोड," चित्रकार मास्तर व्हिएरी म्हणाले.

टेसाने लापोचा चिमुकला हात उशीवरून खाली सोडला आणि श्वास चालू आहे ना, ते सवयीने पाहिलं. तिचा पहिला मुलगा पाळण्यातच गेला होता. हा बाळयेशू म्हणून देवळाच्या भिंतीवर चढला, की देवाची नजर याच्यावर राहील, असं तिच्या मनाने घेतलं होतं. शेजारची बार्तोला रोज टोमणा मारायची, "आता काय बाई, देवाच्या आईच्या मांडीवर बसणार तुझं पोर. आम्हाला ओळख तरी दाखव."

मास्तर दर वेळी बजावत, "झोपल्यावरच आण." चौथ्या दिवशी त्यांनी विचारलं, "पहिला कसा गेला गं?"

इतक्या मायेने सिएना शहरात तिला कुणी विचारलं नव्हतं. तिने सगळं सांगितलं, गार पडत गेलेल्या तळव्यांपर्यंत. ती रडत होती आणि मास्तरांचा कोळसा कागदावर चालतच होता.

भिंतीपुढची परांची उतरवली त्या दिवशी ती लापोला धुतलेलं झबलं घालून गेली. मारियेच्या मांडीवर चित्राचे पैसे देणाऱ्या सावकाराचा गुबगुबीत नातू बसला होता. लापो शेजारच्या चित्रात होता. हेरोद राजाचे शिपाई बाळयेशूच्या शोधात बेथलेहेमची बाळं कापत होते आणि पायरीवर एक मेलेलं बाळ पडलं होतं, हात खाली लोंबलेला, कानामागे लापोचाच तीळ. त्याच्यावर ओणवी होऊन तोंड वासून रडणारी बाई टेसा होती.

"मास्तर, हा लापो आहे."

"हो. साधलाय ना?"

"बाळयेशू करीन म्हणाला होतात."

"पवित्र चित्रात घेईन म्हणालो होतो. ही बाळंही संतच की. येशूसाठी मेलेली पहिली."

"मग सावकाराच्या नातवाला का नाही केलंत संत?"

मास्तर कुंचला पुसत राहिले.

"माझं दुःख मी तुम्हाला सांगितलं होतं," ती हळूच म्हणाली. "भिंतीला नाही. निदान चित्रात याचे डोळे तरी उघडा."

"ओल्या गिलाव्यात रंग मुरलाय, टेसा. आता वरून लावलेला टिकायचा नाही. दहा-वीस वर्षांत पोपडे धरून गळेल."

"गळू दे. तोवर हा मोठा होईल."

"भिंत खराब होईल," मास्तर म्हणाले आणि शिडी उचलून बाहेर गेले.

लोक आत येऊ लागले. बार्तोलाने भिंतीकडे पाहिलं, छातीवर क्रूसाची खूण केली आणि लापोच्या कपाळाला हात लावून पाहिला. त्या स्पर्शाने तो जागा झाला, भुकेने कुरकुरू लागला.

टेसा घरी गेली नाही. ती चित्राखालीच भिंतीला पाठ लावून बसली आणि त्याला पाजायला घेतलं. वर पाहून हळहळणाऱ्यांच्या नजरा एकेक करून खाली येत होत्या. तिने लापोच्या तोंडावरची शाल बाजूला केली.