वन्सं निघाल्या दक्षिणेला

मी एक काठी. दुसऱ्याच्या हाताशिवाय मला पाऊलही टाकता येत नाही, तेव्हा माझ्या पराक्रमाच्या गोष्टी तुम्हाला ऐकवणार नाही. पण ज्या हातात मी राहिले, त्या हाताबद्दल चार शब्द बोलल्याशिवाय मला चैन पडायचं नाही.

खरं तर मी खुर्चीचा पाय व्हायची होते. सुतारानं मला यंत्रावर चढवलं, कातायला घेतलं आणि मध्येच लाकडात गाठ निघाली. "खुर्चीला नाही चालायची," तो म्हणाला, "पण चालणाऱ्याला चालेल." मग त्यानं मला वाकडी मूठ बसवली, पॉलिश केलं आणि दुकानाच्या दारात टांगलं. माझ्या बरोबरीच्या तिघी कुठल्यातरी खुर्चीखाली मुकाट्यानं ओझं वाहत असतील. माझ्या नशिबात फिरणं होतं.

माझे पहिले मालक घड्याळं दुरुस्त करायचे. पाय ठणठणीत होते त्यांचे, मी नुसती ऐटीसाठी! संध्याकाळी फिरायला निघाले की मला गरागरा फिरवत जायचे. ते गेले आणि माझी रवानगी दाराआड झाली. पडद्याची अडकलेली कडी सोडव, सोफ्याखालचा चेंडू ओढून काढ, असली कामं नशिबी आली. माणसांची ही एक गंमत आहे. गरज असेपर्यंत आधार म्हणतात, गरज संपली की अडगळ.

घड्याळजींची थोरली मुलगी बाजाराच्या ओल्या पायऱ्यांवरून घसरली, तेव्हा मला पुन्हा बाहेर काढण्यात आलं. खुब्याचं हाड मोडलं होतं.

या बाईंनी लग्न केलं नव्हतं. धाकटा भाऊ आणि भावजय यांच्यासोबत त्या राहायच्या. भावजय त्यांना "वन्सं" म्हणायची, आणि तिचा आवाज इतका खणखणीत की ऐकून ऐकून पेपरवाल्यापासून समोरच्या डॉक्टरांपर्यंत सगळेच त्यांना वन्सं म्हणायला लागले होते. भाऊ चष्म्याच्या दुकानाचा मालक, स्वभावानं भित्रा. भावजय पोहण्याच्या तलावावर पोहायला शिकवायची, त्यामुळे घरातही शिट्टी वाजवल्यासारखंच बोलायची. नणंद-भावजयीचं विळ्या-भोपळ्याचं सख्य होतं असं नाही, पण एका स्वयंपाकघरात दोघी सुखानं मावत नव्हत्या, एवढं खरं.

वन्संची नोकरी हवामान खात्यात झाली. कानाला हेडफोन लावून त्या दूरदूरच्या केंद्रांचे आकडे टिपून घ्यायच्या. त्यातलं एक केंद्र पार पृथ्वीच्या तळाशी, दक्षिणेच्या बर्फात. रोज खरखरीतून तिथला एक माणूस बोलायचा. वारा इतका, दाब इतका, तापमान शून्याखाली इतकं. मला घेऊन अंगणात फेऱ्या मारताना त्यांनी हे भावजयीला सांगितलं होतं.

"एकदा मी नियम मोडून विचारलं, समोर काय दिसतंय हो? तर तो म्हणाला, बाई, खिडकीवर बर्फ जमलाय, मलाच काही दिसत नाही!"

दोघी खूप हसल्या. हसू ओसरल्यावर वन्सं म्हणाल्या, "अर्धं आयुष्य मी त्या जागेची थंडी लिहिली गं. एकदा खिडकीबाहेर उभं राहून बघायचंय."

 दुसऱ्या दिवशी भावजयीनं जेवणाच्या टेबलावर दक्षिण ध्रुवाचा भलामोठा नकाशा पसरला आणि त्याच्या चार कोपऱ्यांवर चार कप ठेवले. "बसा वन्सं. कुठून जायचं ते दाखवा."

त्या दिवसापासून टेबल जेवणाला मिळेना. भाऊ ताट मांडीवर घेऊन जेवू लागला. मी खुर्चीच्या पाठीला टेकून सगळं ऐकत होते. मोठं जहाज नको, कारण त्यातली माणसं काचेतूनच बर्फ बघून परततात. छोटं हवं, म्हणजे रबरी बोटीत बसवून किनाऱ्यावर उतरवतात. हंगामाच्या सुरुवातीला बर्फ कोराकरकरीत, मधल्या काळात पेंग्विनची पिल्लं, शेवटी देवमासे. वन्संनी मधला काळ धरला. तेव्हाच समुद्र जरा मोकळा होतो आणि त्यांच्या त्या जुन्या केंद्राच्या खाडीत शिरायची आशा असते.

"आशा म्हणजे?" भावानं विचारलं. "नक्की नाही?"

"बर्फ वाट देईल तर जायचं. कप्तान रोज सकाळी समुद्र बघून ठरवतो."

"म्हणजे इतकं करून ते दिसणारही नाही कदाचित?"

"नाही दिसलं तर नाही दिसलं. हवामान खात्यात जन्म गेला माझा, बाळ्या. अंदाज चुकला म्हणून रडायची सवय नाही मला."

मला त्यांचा अभिमान वाटला तो तेव्हा.

पण घोड्यानं पेंड खाल्ली ती पुढेच. जहाज निघालं की वाटेत दवाखाना नाही. कुणाला काही झालं तर अख्खं जहाज मागे फिरवावं लागतं. भाऊ हे माहितीपत्रकात वाचून घाबरला, ते ठीक. पण वन्संचाही चेहरा उतरला. त्यांनी कप उचलले आणि नकाशा गुंडाळायला घेतला.

"माझ्या एका पायापायी सगळ्यांची वाट मोडायची? तेवढी हौस नाही मला."

"मग पाय धड करा," भावजय म्हणाली. "नकाशा कशाला गुंडाळताय?"

"अगं, वय बघ माझं."

"वय राहू दे तिकडे. उद्या सकाळी तलावावर यायचं. मी शिकवते."

भाऊ म्हणाला, "हात दाखवून अवलक्षण कशाला?" त्याच्याकडे दोघींनी एकाच वेळी असं काही बघितलं, की तो ताट घेऊन बाहेरच्या खोलीत गेला. एकमेकींशी कधी पटलं नव्हतं, पण आता पटायला लागलं होतं.

तलावावर बचावाची एक रबरी बोट होती. काठावरून तिच्यात उतरायचं, बसायचं, पुन्हा काठावर यायचं. बोट हलती, पाय थरथरता. आणि नियम असा की दोन्ही हात मोकळे हवेत. उतरवून घेणाऱ्याचं मनगट आपण धरायचं, आपलं त्यानं. म्हणजे मी काठावरच्या बाकाला टेकलेली. माझ्याशिवाय वन्संचा जीव वरखाली होई आणि माझा त्यांच्याविना.

सुरुवातीच्या दिवसांतच त्या पाण्यात पडल्या. पोहायला आलेली पोरं फिदीफिदी हसली. भावजयीनं शिट्टी टाकली आणि अंगावरच्या कपड्यांनिशी उडी मारली. काठाशी आणल्यावर वन्सं नाकातोंडातलं पाणी काढत म्हणाल्या, "बास झालं. कानाला खडा."

भावजय कुडकुडत होती. तलावावर नोकरी करते, पण गार पाण्याचा तिला मनापासून तिटकारा. ती म्हणाली, "वन्सं, मला थंडी किती सोसवते हे तुम्हाला ठाऊक आहे. तरी मी तुमच्यासोबत त्या बर्फात यायचं ठरवलंय. आता तुम्हीच माघार घेतलीत तर मी काय एकटी जाऊ?"

वन्सं तिच्याकडे बघत राहिल्या. "तू येणार आहेस?"

"तुम्हाला एकटं कोण सोडतंय! तुमच्या भावाला तर बाथटबमध्येसुद्धा मळमळतं."

वन्सं हसल्या, उठल्या आणि ओली साडी पिळून पुन्हा बोटीच्या दिशेनं निघाल्या. मला न घेता. ती चार पावलं मी डोळे भरून पाहिली, मला डोळे असते तर.

महिने गेले. पाय हळूहळू शहाणा झाला. मग जहाजाच्या डॉक्टरबाईंनी फोनच्या पडद्यावरून बघत परीक्षा घेतली. जिन्यावर चढून दाखवा. स्टुलावर चढा, उतरा. डोळे मिटून उभ्या राहा. भावानं मला हातात धरलं होतं आणि इतकं घट्ट आवळलं होतं की माझी गाठ दुखली. वन्सं मात्र शांत होत्या. एकेक करून सगळं करून दाखवलं.

"या तुम्ही," डॉक्टरबाई म्हणाल्या. भावाचा जीव भांड्यात पडला. मग डॉक्टरबाईंनी मला पाहिलं. "ती लाकडी काठी मात्र नको. तिथे बाहेरची माती, बी-बियाणं, काही न्यायचं नाही. लाकडाच्या फटीत काय दडलेलं असेल सांगता येत नाही. आमच्याकडे धातूच्या काठ्या आहेत, लागलीच तर देऊ."

वन्संनी मला भावाच्या हातातून घेतलं. अंगठ्यानं माझी मूठ घासत राहिल्या. मला वाटलं, आता हट्ट करतील. पण त्या म्हणाल्या, "बरोबर आहे तुमचं. ती जागा तशीच्या तशी राहायला हवी."

खोटं कशाला बोलू, मला लागलं ते. पण लगेच वाटलं, ज्या बाईला तिथे आपल्या पायाची धूळसुद्धा सांडायची नाही, तिच्या हातात आपण राहिलो. सुताराला कळलं असतं तर त्यानं पुन्हा एकदा पॉलिश केलं असतं मला.

जायच्या आधी घरभर बुटांचे तळवे घासणं आणि खिसे उलटे करून झटकणं चाललं. भावजयीनं एकावर एक तीन स्वेटर घालून पाहिले आणि तिला बसताच येईना. वन्संनी एक काढायला लावला. "तिथे वारा अडवायचा असतो, ऊब आपोआप राहते," त्या म्हणाल्या. भावजयीनं कधी नव्हे ते निमूट ऐकलं.

काल आम्ही सगळे धक्क्यावर गेलो. जहाज दिसायला लहानसंच, पण नाक कसं समोर रोखलेलं! शिडीपाशी वन्संनी मला भावाच्या हातात दिलं. त्याच्या गालावर हात ठेवला. मग दोन्ही हातांनी दोन्हीकडचे दोर धरले आणि चढू लागल्या. मागून भावजय, एक हात त्यांच्या पाठीच्या जरा मागे, न टेकवता.

शिडी हलत होती. वन्सं थांबल्या, तोल सावरला, पुन्हा निघाल्या.

"ताई!" भावानं खालून हाक मारली. त्या वळल्या नाहीत. तो रुसल्यासारखा पुटपुटला, "एकदा तरी वळून बघायचं."

नको वन्सं, मी मनात म्हटलं. वळू नका, तोल जाईल. तुम्ही चढा. धुकं असलं तर ओसरेपर्यंत थांबा, आणि काय दिसतंय ते डोळे भरून बघून घ्या. तुमच्या बाळ्याजवळ आहे मी.

त्या वर पोचल्या. भाऊ माझ्यावर सगळा भार टाकून उभा राहिला. तो चांगलाच जड निघाला.