चोवीसशेच्या चालीने

मी एक जुनी रॅमची पट्टी आहे. वीतभरही लांब नाही, अंगाने हिरवी, चार जीबीची. मित्रांनो, संगणकावर तुम्ही जे काम उघडता, ते संपेपर्यंत आम्ही पट्ट्या ते धरून ठेवतो. वीज गेली की सगळे विसरतो. तसे पाहिले तर आमच्याइतके विसराळू कोणी नाही. पण ही एक हकिगत विसरायला मी मुळीच तयार नाही.

आठ वर्षे मी नायगावच्या विहाराला लागून असलेल्या अभ्यासिकेत राबते आहे. स्पर्धा परीक्षेचे अर्ज, हॉलतिकिटे, निकाल, सगळे माझ्यातून गेले. निकालाच्या दिवशी चाळीस जण एका पडद्यावर वाकत आणि माझी नुसती दमछाक होई. ही अभ्यासिका रोज पहाटे पाचला उघडायची सरजाबाई. झाडून काढायची, दिवे लावायची, पोरापोरींना चहा करून द्यायची. वीस वर्षांत तिचा नागा नाही. तिला अक्षरओळख नव्हती, पण इथे बसून गेलेला एकूण एक चेहरा तिला पाठ होता.

यंदा गुडघ्यांनी दगा दिला आणि मुलाने तिला कायमचे लातूरला न्यायचे ठरवले. रविवारी संध्याकाळी पाचची बस होती. संगणकाचे काम बघणाऱ्या ज्योत्स्नाच्या मनात आले की, जाण्याआधी सरजाबाईला एक फ्लेक्स दाखवायचा. आमच्याकडे फ्लेक्स म्हटला की वाढदिवस आणि काळे चष्मे! हा मात्र वेगळा होता. इथे शिकून नोकरीला लागलेल्या एकशे बारा जणांचे फोटो त्यावर यायचे होते.

फोटो मोठे होते. वीस-पंचवीस झाल्यावर मी गुदमरले आणि पडदा थिजला. कोणीतरी सुचवले की फोटो बारीक करून खाली नावे टाका.

"नावं वाचता येत न्हाईत आजीला," ज्योत्स्ना म्हणाली. "चेहरे दिसाया पायजेत."

मग नांदेडहून दुरुस्तीवाला रामलिंग नवी पट्टी घेऊन आला. आठ जीबीची, वेग बत्तीसशे. माझा चोवीसशे. आठ वर्षे रिकामी असलेली शेजारची खाच भरली, म्हणून मी खूश झाले. पण रामलिंग भलताच हौशी. त्याने सेटिंगमध्ये जाऊन वेग बत्तीसशेवर बसवला. आयुष्यात कधी इतकी पळाले नव्हते हो मी! दोन पावलांत कोलमडले. संगणक चालू व्हायचा, बंद पडायचा, पुन्हा चालू व्हायचा.

"ताई, म्हातारी खराब झाली हाय," असे म्हणून रामलिंगने मला उपसून टेबलावर ठेवले आणि तो गेला. माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. खराब? मी?

नवी एकटी वाऱ्यासारखी पळाली, हे कबूल करायला हवे. ज्योत्स्ना भराभर फोटो बसवत गेली. रविवारी सकाळी मात्र ऐंशीव्या फोटोला पडद्यावर अक्षरे उमटली, मेमरी अपुरी. चार वेळा केले, चारही वेळा तेच. अकरापर्यंत फाइल पोहोचली तरच नांदेडचा प्रेसवाला फ्लेक्स छापून चारच्या आत पाठवणार होता. घड्याळात साडेनऊ झाले होते. ज्योत्स्नाच्या डोळ्यांत पाणी तरळले.

तेवढ्यात तिची नजर माझ्यावर गेली. तिने मला उचलले, अंगावरच्या चिठ्ठीतले बारीक आकडे वाचले आणि रामलिंगला फोन लावला.

"भाऊ, स्पीड किती ठेवला होता तुमी?"

"बत्तीसशे. नवी आणल्यावर पळवायची न्हाई व्हय?"

"जुनीवर चोवीसशे लिहिलंय. खराब न्हाई ती. तिच्याच्यानं होत न्हाई तेवढं पळवलं तुमी. आता दोघींला चोवीसशेवर ठेवते."

"मंग नवीचा काय फायदा, ताई?"

"पळायचं कुणाला हाय, भाऊ? फोटो मावायला पायजेत."

काय डोके पोरीचे! शिकल्यासवरल्या रामलिंगला जे सुचले नाही, ते हिने चिठ्ठी वाचून ओळखले. तिने मला खाचेत बसवले, वेग उतरवला आणि संगणक सुरळीत उठला. नवीचेही कौतुक करते मी. एवढी चपळ, पण कुरकुर न करता माझ्या चालीने चालली. आठ आणि चार, बारा जीबीत एकशे बारा चेहरे नीट मावले. अकराला दहा मिनिटे कमी असताना फाइल गेली आणि माझा जीव भांड्यात पडला.

चारच्या सुमाराला फ्लेक्स आला. अभ्यासिकेच्या फरशीवर तो उलगडला. सरजाबाई काठी टेकत आली, वाकली आणि एकेका चेहऱ्यावर बोट ठेवू लागली. "ही तलाठी झाली. ह्यो पोलिसात हाय. ह्यो तर अंगात ताप घेऊन पेपरला गेल्ता." शेवटच्या ओळीपर्यंत गेली आणि थांबली.

"ज्योत्स्ना, तू कुठं हायस गं?"

"आज्जी, मी अजून पास झाले न्हाई."

तीन वेळा परीक्षा दिली होती तिने. दोन-तीन गुणांनी हुकायची.

"पास झालेल्यांसाठीच कुलूप काढत व्हते काय म्या?" सरजाबाईचा आवाज चढला. "जा, फारमाला लावतीस तो फोटो घेऊन ये."

ज्योत्स्नाने तोंडाला ओढणी लावली. फोटो आणला. सरजाबाईने स्वतःच्या हाताने डिंक लावून तो शेवटच्या ओळीत चिकटवला, तळव्याने दाबून धरला आणि मगच ती बसकडे निघाली.

तिला पोहोचवून आल्यावर ज्योत्स्नाने फाइल पुन्हा उघडली आणि एकशे तेरावा फोटो त्यात बसवला. मित्रांनो, आम्ही दोघींनी तो चोवीसशेच्या चालीने अलगद उचलला. तुमची एखादी पट्टी किंवा तुमच्यातले एखादे माणूस अडखळले, तर त्याला खराब म्हणण्याआधी एवढेच बघा, की तुम्ही त्याला कोणत्या वेगाने पळवत होता.