चाळिसावी डुबकी

एकोणचाळीस डुबक्या झाल्या, एक उरली, आणि नेमक्या तेव्हाच जांभळ्या जेलीफिश आल्या. एकदोन नव्हेत, धक्क्यापासून तरंगत्या लाल बोयापर्यंतचं पाणी त्यांनी नुसतं बुजबुजून गेलं. चार दिवस झाले तरी हलायचं नाव नाही.

ग्रीसच्या किनाऱ्यावरच्या या गावातल्या बायका उन्हाळाभर डुबक्या मोजतात. कधीकाळी कुणा डॉक्टरने सांगितलं होतं म्हणे, चाळीस डुबक्या घेतल्या की हिवाळाभर गुडघे कुरकुरत नाहीत. तेव्हापासून भाजीवाल्याकडे भेटल्यावरसुद्धा पहिला प्रश्न तोच, तुझ्या किती झाल्या? नियम कडक आहेत. बोयाला हात लावून परत आलं तरच डुबकी, आणि चौदा सप्टेंबरच्या क्रुसाच्या सणानंतर घेतलेली धरायची नाही. मेलपोच्या डुबक्यांची साक्षीदार शेजारीण पोलिक्सेनी. दर डुबकीला एक खडा, ऑलिव्हच्या रिकाम्या बरणीत.

अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या मेलपोला यंदा गुडघ्यांची पर्वा नव्हती. हिवाळ्यात ती अंगणात पडली होती, आणि ईस्टरला आलेला मुलगा आर्गिरिस म्हणाला होता, आता अथेन्सला चल, चौथ्या मजल्यावर तुझी खोली तयार आहे. त्या खोलीच्या विचारानेच तिचा जीव घुसमटला. खिडकीतून दिसतात काय, तर समोरच्यांच्या वाळत घातलेल्या चादरी! मग पैज तिनेच लावली. सणापर्यंत चाळीस डुबक्या पुऱ्या केल्या तर ती मरेपर्यंत इथेच राहणार. नाही झाल्या तर मुकाट्याने बॅग भरणार. आर्गिरिस हसत हसत हो म्हणाला. त्याला वाटलं होतं, म्हातारी दहाव्या डुबकीलाच दमेल.

आज चौदा तारीख. आर्गिरिस सकाळीच गाडी घेऊन हजर, सोबत रिकामी सूटकेस. पाण्याकडे पाहून त्याला हायसं वाटलं होतं आणि ते त्याला लपवता येत नव्हतं.

"आई, समुद्रानेच नाही म्हटलं. आता यात माझा काय दोष?"

"तुझ्याशी बोलला का समुद्र? मला तर काही बोलला नाही बाई."

मेलपो घरात गेली आणि अर्ध्या तासाने बाहेर आली. अंगात मेलेल्या नवऱ्याचे लांब बाह्यांचे लोकरी कपडे, पायांत एकावर एक चढवलेले दोन लांब घट्ट मोजे, हातांत भांडी घासायचे रबरी हातमोजे, आणि डोक्याला भुवयांपर्यंत आवळलेला रुमाल. जेलीफिशचा डंख घट्ट कापडातून आत शिरत नाही, हे तिच्या कोळी नवऱ्याने तिला लग्नाच्या पहिल्याच वर्षी सांगितलं होतं.

धक्क्यावर पोलिक्सेनी बरणी घेऊन बसली होती. "अगं भवाने, बोयावर दरोडा घालायला निघालीस की काय?"

"हो. तू माल सांभाळ."

आर्गिरिस शिडीसमोर आडवा उभा राहिला. "मी तुला उतरू देणार नाही."

"बाजूला हो. याच शिडीवरून तुला पाण्यात ढकलून पोहायला शिकवलंय मी. आजही ढकलीन."

ती तसं खरंच करील हे त्याला ठाऊक होतं. तो बाजूला झाला.

लोकर भिजली आणि अंग दगडासारखं जड झालं. पोटाला, मांड्यांना जेलीफिश बुळबुळीत आदळत होत्या, त्यांचे लांब दोरे दंडाला गुंडाळले जात होते. अर्ध्या वाटेवर एक दोरा ओठांवरून फिरला. निखारा टेकवावा तशी आग झाली, डोळ्यांत पाणी आलं, आणि मेलपोने जेलीफिशच्या सात पिढ्यांचा असा उद्धार केला की तो धक्क्यावर स्पष्ट ऐकू आला. तिला भीती वाटली. परतावं असंही वाटलं. मग त्या चादरी आठवल्या. तिने हात मारत बोया गाठला, त्याच्या थोबाडीत एक सणसणीत ठेवून दिली आणि वळली.

शिडीवर आली तेव्हा तिचे ओठ टोमॅटोसारखे सुजले होते. "थांब, व्हिनेगर आणते!" पोलिक्सेनी ओरडली.

"व्हिनेगरने आग वाढते, ते घाल तुझ्या काकडीवर. समुद्राचंच पाणी ओत तोंडावर. पण आधी खडा टाक!"

बरणीत खडा वाजला.

आईसमोर गुडघे टेकून आर्गिरिस तिच्या मोज्याला चिकटलेला जांभळा दोरा उघड्या बोटांनी सोडवायला लागला, आणि किंचाळून मागे पडला. "अरे देवा! हा तर मेलाय ना? नुसता तुटका तुकडा आहे!"

मेलपोने त्याचा हात ओढून समुद्राच्या पाण्याने भरलेल्या बादलीत बुडवला. लहानपणी धरायची तसाच, घट्ट, मनगटापाशी.

"तुटका तुकडाही डसतो, बाळा," ती सुजलेल्या ओठांनी म्हणाली. "आणि मी अंगणात एकदा पडले काय, तू मला मोडीत काढून सूटकेस घेऊन आलास."

त्याने मान खाली घातली. हात बादलीतच ठेवून विचारलं, "आणि पुढच्या वर्षी गं?"

"पुढच्या वर्षी पुन्हा पहिल्यापासून. येताना सूटकेस आणू नकोस. पोहायची चड्डी आण."