शाळेमागचे बांध

आब्राम टीसनच्या पत्राला ओडानिस मास्तरांनी कधी उत्तर पाठवले नव्हते. कॅनडातून आलेले ते पत्र दोन वर्षे बायबलात पडून होते. मजकूर थोडकाच होता: 'शाळेमागच्या चढणीवरचे आपले दगडी बांध ढासळले असं ऐकलं. माझं काय चुकलं? भीड न ठेवता सांग.'

मास्तरांना कारण ठाऊक होते. पण ज्याने उन्हातान्हात राबून बाशेन गावाला शाळा उभी केली, त्याला असे तोंडावर कसे सांगायचे? ते कागद पुढे ओढत, 'प्रिय बंधू' लिहीत आणि फाडून टाकत. पुस्तकात रमणारा माणूस. चारचौघांत बोलायचे म्हटले की मागच्या बाकावर जाऊन बसायचा.

आब्राम मेनोनाइट होता, बंदूक न धरता परमुलखात जाऊन सेवा करणाऱ्या पंथातला. मास्तरही त्याच मंडळीत, म्हणजे त्या पंथाच्या चर्चमध्ये, आलेले. हैतीच्या डोंगरात कोणाचे काम अडले की तो कोनबिट बोलावतो. सारा गाव त्याच्यासाठी राबतो, आणि बोलावणाऱ्याने कुदळ न धरता सगळ्यांना पोटभर जेवू घालायचे असते. आब्रामने नेमके उलटे केले. सर्वांत आधी कुदळ त्यानेच उचलली. जेवायला मिशनचे डबाबंद मांस वाटले. रांधायला आलेल्या बायकांना म्हणाला, "तुम्ही कशाला त्रास घेता?" बायका भांडी घेऊन माघारी फिरल्या. बांध झाले, पण ते आब्रामचेच राहिले. तो मायदेशी गेल्यावर दगड निसटले, बांधांवर लावलेली रोपे बकऱ्यांनी खाल्ली, आणि त्या बकऱ्या हाकलायला कोणी उठले नाही.

आता चढणच सरकत होती. गेल्या वादळात चिखल शाळेच्या मागच्या खिडकीपर्यंत आला होता. पुढच्या वादळात शाळा ओढ्यात जाणार हे सगळ्यांना दिसत होते.

"मास्तर, कोनबिट बोलवा," शेजारीण क्लेरमीन म्हणाली.

"मी? अगं, माझ्या हाकेला कोण येणार?"

"हाक कशाला मारताय? शंख फुंका."

"आणि रम? मी मंडळीतला वडीलधारा, आमच्यात दारू वर्ज्य. मला रम पाजता येणार नाही. रमशिवाय कोनबिट झालेला ऐकलायस कधी?"

"नाही ऐकला. म्हणून तर बघायचाय. बकरा आहे ना तुमच्याकडे? तो कापणार, की त्यालाही वाचायला शिकवणार?"

मास्तर कसेबसे गेलिसकडे गेले. कुदळवाल्यांचा तो म्होरक्या. त्याच्या गाण्याशिवाय डोंगरात कुदळ हलत नसे.

"रम नाही?" गेलिसने डोळे मोठे केले. "मास्तर, हे काम आहे की उपास?"

"आल्याचा चहा आहे. गुळाचा."

"चहा पिऊन माझ्या गळ्यातून भजनच निघायचं!"

भोवतालचे सगळे खो-खो हसले. मास्तर खाली मान घालून परतले. येतो, असे कोणीच म्हटले नव्हते.

तरी ठरल्या दिवशी त्यांनी बकरा कापला. बायकांनी अंगणात चुली मांडल्या. मास्तरांनी शंख तोंडाला लावला, तर नुसती हवा निघाली.

"फू-फू काय करताय? गरम सूप आहे का ते?" क्लेरमीन ओरडली. "पोटातून फुंका!"

त्यांनी डोळे मिटून फुंकले. शंख घुमला, पलीकडच्या डोंगरावर आदळून परत आला. मग सगळे शांत. चुलीतल्या लाकडाचा आवाज तेवढा ऐकू येत होता. आता बकऱ्याचे काय करायचे, हे मास्तरांना सुचेना.

एवढ्यात टेकडीआडून ढोल वाजला. खांद्यावर कुदळी घेतलेली माणसे वाटेने उतरू लागली. पुढे गेलिस गात होता:

"मास्तरांची रम आल्याची,
चढते थेट डोक्यात;
डोकं हलकं झालं की
बसवतात शाळेत!"

हसण्याने दरी भरून गेली. मास्तरही हसले, आणि नकळत एक कुदळ उचलली. गेलिसने ती हिसकावली.

"ठेवा! आब्रामसारखं करू नका. तुम्ही यजमान. आम्हाला खायला घाला आणि आमची बोलणी खा!"

दिवसभर दगडावर दगड चढले. प्रत्येक वाडीने आपापला बांध धरला आणि दुसऱ्याच्या बांधाला नावे ठेवली. बायकांनी ताटे भरली, चहाचे हंडे रिकामे झाले. दुसऱ्या आठवड्यापासून चढणीवर बकरी दिसली की तीन घरांतून माणसे काठ्या घेऊन धावू लागली.

ऑक्टोबरात वादळ आले. दोन रात्री छपराचे पत्रे थडथडत होते. तिसऱ्या सकाळी मास्तर चढणीकडे गेले. सारा गाव आधीच तिथे उभा होता. बांध जागच्या जागी होते. पाणी त्यांच्यावरून गाळ टाकून निवळत उतरत होते. शाळेची मागची भिंत कोरडी होती. गेलिसने मास्तरांना लहान पोरासारखे खांद्यावर उचलले.

"उतरव रे! पडेन मी!"

"आता कसले पडताय? बोंब मारा!"

आणि जन्मात कधी न ओरडलेले मास्तर ओरडले. गाव त्यांच्यामागून ओरडला.

त्या दुपारी त्यांनी कागद घेतला, आणि फाडला नाही.

'प्रिय बंधू आब्राम, तू फार राबलास आणि आम्हाला तुझ्या ताटात वाढू दिलं नाहीस. एवढंच चुकलं. बांध आम्ही पुन्हा रचले. वादळ येऊन गेलं, शाळा भरली आहे. एकदा ये. कुदळ नको, डबे नकोत. नुसता जेवायला ये.'

शहरात टपालाच्या खिडकीशी त्यांचा हात पुन्हा अडखळला. फारच स्पष्ट लिहिले का?

"काका, पाठवायचंय की धरून बसायचंय?" आतली मुलगी म्हणाली.

"पाठवायचंय," मास्तर म्हणाले, आणि त्यांनी पाकीट आत सरकवले.